दीक्षाभूमीवर पहिल्यांदा सेवेला चाललीस, तर बॅगेचा उजवा कप्पा टीमचा

जय भीम. तुझा प्रश्न सकाळी वाचला आणि दिवसभर डोक्यात फिरत राहिला म्हणून आता जेवणं आटोपल्यावर निवांत लिहायला बसली. यंदा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पहिल्यांदा सेवेला चाललीस, वय २२, टीममधलं कोणीच ओळखीचं नाही, बजेट १५०० रुपये, आणि विचारलंस की बॅग कोणती घेऊ, त्यात काय काय ठेवू. सगळं सांगते, पण आधी एक गोष्ट ऐक, कारण ती कळली नाही तर १५०० काय, १५ हजारांची बॅग घेतली तरी कोणाच्या कामाची नाही.

आपल्या नागपूरचा २०२३ चा सप्टेंबर आठवतो ना? २२ तारखेला घरोघरी महालक्ष्म्यांचं जेवण झालं, लोक थकूनभागून झोपले आणि मध्यरात्रीनंतर असा पाऊस कोसळला की अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो, नाग नदी रस्त्यावर, अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, इकडे सीताबर्डीचं मोरभवन बस स्टँड, सगळं पाण्यात. पाणी ओसरल्यावर आम्ही सात-आठ जण चिखल काढायला गेलो. एका घरात गुडघ्याएवढा गाळ, फ्रीज आडवा पडलेला, तांदळाची कोठी उलटलेली, आणि त्या घरच्या काकू हे सगळं सोडून कोपऱ्यात बसून महालक्ष्मीचा मुखवटा धुवून राहिल्या होत्या, कानाच्या खाचेतला चिखल काडीनं काढून राहिल्या होत्या, नथ दुसऱ्या हाताच्या मुठीत घट्ट धरलेली. कोणीच काही बोललं नाही, आम्ही त्यांच्या आजूबाजूनं घमेली उचलत राहिलो.

माझी बॅग त्या दिवशी भरगच्च होती. बँडेज, कैची, डेटॉल, टॉर्च, दोरी, हातमोजे, कोरडे कपडे, बिस्किटं, पाणी, आठेक किलो तरी असेल, आणि मला वाटायचं की सगळं आपल्याजवळ आहे म्हणजे आपण तयार आहोत. जड झाली म्हणून एका फाटकाला अडकवली आणि मी मागच्या गल्लीत गेली. इकडे आमच्यातल्या एका दादाचा तळहात गाळात फुटून पडलेल्या शोकेसच्या काचेनं कापला, चांगला खोल. बाकीच्यांना एवढं माहीत होतं की पट्टी माझ्या बॅगेत आहे, पण बॅगेला सहा चेनी आणि त्यातल्या कुठल्या कप्प्यात काय आहे ते फक्त मलाच माहीत. मला फोन लावला तर फोन त्याच बॅगेत, पन्नीत गुंडाळलेला, तिथेच वाजून राहिला. शेवटी एका मुलीनं ओढणी फाडून बांधली, ती पण गाळानं भिजलेली. टाके पडले, वरून जखम चिघळली, रोजंदारीवर जाणारा माणूस तीन आठवडे घरी बसला. तो मला कधी एका शब्दानं बोलला नाही पण मला ते अजून लागतं.

तेव्हापासून आमच्यात ठरलं, बॅग कोणाचीही असो, कोणतीही असो, उजवा बाहेरचा कप्पा टीमचा. त्यात पट्टी, गॉज, चिकटपट्टी, बोथट टोकाची छोटी कैची, एक जोडी हातमोजे आणि ओआरएस. सगळ्यांचं सारखं, सगळ्यांचं उजवीकडे. पाणी डावीकडे. आत मधे तुझं जे असेल ते असो. आणि निघायच्या आधी पाच मिनिटं सगळे बॅगा उघडून एकमेकांना दाखवतात, हे तर चुकवतच नाही. अंधारात, गर्दीत, कोणी घाबरलेलं असताना हात आपोआप उजवीकडे जातो, शोधाशोध नाही, विचारणं नाही.

आता बॅग. महाग घेऊ नको. सीताबर्डीच्या फुटपाथवर तीन-चारशेत साधी मध्यम बॅग मिळते, बघायचं एवढंच की पट्टे रुंद आहेत का, शिलाई दुहेरी आहे का आणि उजव्या बाजूला चेनचा कप्पा आहे का. गर्दीत पाठीवर नाही, छातीवर अडकवायची. पाठीवर असली की मागच्या म्हातारीच्या तोंडाला लागते आणि कोणी चेन उघडली तर कळतही नाही. वजन पाण्यासकट अडीच किलोच्या वर जाऊ देऊ नको, त्यातला एक किलो तर एक लिटर पाण्याचाच असतो. तू दहा-बारा तास उभी राहणार आहेस, सकाळी हलकी वाटणारी बॅग संध्याकाळी खांदे मोडते.

ओआरएसबद्दल जरा नीट सांगते कारण चुका इथेच होतात. २०.५ ग्रॅमचं एक पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात, अर्धं नाही, ग्लासात चिमूटभर नाही. घट्ट केलं तर मीठ जास्त जातं, पातळ केलं तर फायदा नाही. म्हणून बाटली बरोबर एक लिटरचीच घे, मापाची कटकट नको. बनवलेलं २४ तासांत संपवायचं, उरलं तर फेकायचं. आणि दुकानात गोड सरबताचे डबे मिळतात त्याला ओआरएस समजू नको, पाकिटावरचा फॉर्म्युला वाचून घे. ऑक्टोबरचं आपल्याकडचं ऊन तुला सांगायला नको, लोक रात्रभर रेल्वेत बसून आलेले असतात, कित्येक जण उपाशीपोटी रांगेत उभे राहतात. कोणी चक्कर येऊन पडलं तर सावलीत आडवं करायचं, पाय थोडे वर, गर्दी मागे सारायची, आणि पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी ओतायचं नाही, लोक प्रेमानं ओततात आणि ठसका लागतो. अंग तापलेलं असेल आणि माणूस भलतंसलतं बोलत असेल तर ओलं फडकं, वारा आणि लगेच १०८.

सेफ्टी पिना घे, पन्नास घे. हसू नको. सगळ्यात जास्त लागणारी वस्तू तीच आहे. चपलेचा अंगठा तुटतो, पट्टा निघतो आणि तापलेल्या डांबरावर माणूस अनवाणी. अंगठा परत भोकात घालून खालून पिन आडवी टोचली की ती चप्पल रेल्वे स्टेशनपर्यंत नक्की जाते. मागे एकदा उत्तर प्रदेशातून आलेल्या एका बाबांची चप्पल मी अशी लावून दिली, त्यांनी दोन पावलं टाकून बघितली, परत आले आणि स्वतःच्या गाठोड्यातले भाजलेले चणे माझ्या ओंजळीत ओतले. सुतळीचं एक बंडल पण घे, कारण लोक इथून पुस्तकं नेतात, गठ्ठेच्या गठ्ठे नेतात, आणि पन्नीचे बंद हमखास तुटतात. १९५६ ला १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी इथे दीक्षा दिली आणि आजही माणूस खायच्या पैशातून पुस्तक घेऊन जातो, त्याचा गठ्ठा नीट बांधून देणं हे मला तरी पाणी देण्याइतकंच मोठं काम वाटतं.

फोनच्या भरवशावर राहू नको. एवढ्या गर्दीत नेटवर्क जाम होतं, कॉल लागत नाहीत. महत्त्वाचे नंबर कागदावर लिहून ठेव आणि दर दोन तासांनी कुठे भेटायचं ते आधी ठरवा. पॉवर बँक १०,००० एमएएचची पुरते, पण त्यातून प्रत्यक्षात ६,००० च्या आसपासच मिळतं, म्हणजे तुझा फोन एकदा आणि वर थोडा, तेव्हा रस्त्यावर प्रत्येकाला चार्जिंग देत बसू नको, हरवलेल्या मुलाच्या आईला मात्र दे. मुलांवरून आठवलं, बॉलपेन दोन ठेव. लेकरू घेऊन आलेल्या आईला विचारून लेकराच्या हातावर आतल्या बाजूला घरच्यांचा नंबर लिहून द्यायचा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. शिट्टी हवी, पण पोलिसांच्या, समता सैनिक दलाच्या पण शिट्ट्या वाजत असतात, कोणाची कोणती कळत नाही, म्हणून आम्ही शिट्टीसोबत पिवळं फडकं वर धरतो. निळा रंग तिथे सगळीकडेच असतो, पिवळा लांबून दिसतो.

चाकू, मल्टिटूल वगैरे घरी ठेव. गर्दीच्या ठिकाणी पोलीस बॅग तपासतात आणि बरोबरच करतात, कैचीनं सगळं होतं.

आता तुझी खरी भीती, की कोणी ओळखीचं नाही. मला यात जास्त माहीत आहे कारण मी पण अशीच एकटी आली होती, पहिले चार तास कोपऱ्यात पाण्याचे ग्लास भरत होती, कोणाशी बोलली नाही. तुला एकच सांगते, जिच्यासोबत जोडी लागेल तिला पहिलं वाक्य हेच म्हण, "तुमच्या बॅगेत काय आहे, दाखवता का?" आणि तुझी पण उघडून दाखव. कोणाकडे छत्री निघेल, कोणाकडे शुगरची गोळी, कोणी म्हणेल मला दुपारी दोनला इन्सुलिन घ्यायचं असतं आणि ते या थर्मासात आहे. बघ, पाच मिनिटांत तुला तिच्याबद्दल ते कळलं जे शेजाऱ्यांना दहा वर्षांत कळत नाही, आणि दोन वाजले की तिला आठवण द्यायचं काम तुझं. सगळ्यांनी सगळं आणायची गरज नसते, टॉर्च सहा जणांत दोन पुरे, छत्र्या तीन, पण कोणाकडे काय आहे ते सहाही जणांना पाठ पाहिजे.

आणि दमलीस तर सांग. दमूनही न सांगणारा माणूस टीमला जड जातो, मी ते करून बघितलंय.

१५०० पैकी तुझे सहा-सातशे वाचतील, त्यातून चांगले मोजे आणि पायात बसलेले जुने बूट दुरुस्त करून घे, नवे बूट त्या दिवशी घालू नको. पिवळं कापड विकत घेऊ नको, माझ्याकडे मोठा तुकडा पडलाय. आदल्या दिवशी भेट, फडक्याएवढं कापून देते आणि त्यातूनच एक पट्टी तुझ्या उजव्या चेनीला बांधून देते.