स्टेंट बसवल्यानंतर ठोके चुकल्यासारखे वाटतात, हे धोक्याचे आहे का?

स्टेंट ठरवून बसवला की हार्ट अटॅकमध्ये, यावर बरेच अवलंबून आहे. अटॅकमध्ये बंद नस उघडताच रक्त परत वाहू लागते आणि मॉनिटरवर मिनिटाला ५० ते ११० गतीची वेगळी लय दिसू शकते. ती बहुधा आपोआप थांबते. खरी भीती पहिल्या ४८ तासांतल्या व्हीटी-व्हीएफची (हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून येणारी जीवघेणी वेगवान लय), म्हणून तर आयसीयूत ठेवतात. हृदयाच्या उजव्या नसेचा अटॅक असेल तर ठोके मंदावू शकतात, कधी तात्पुरता पेसमेकर लागतो.

घरी आल्यावर अधूनमधून एखादा ठोका चुकणे बहुतेकदा निरुपद्रवी असते. तरी ईसीजी, पोटॅशियम (४ च्या वर हवे), मॅग्नेशियम तपासा. गरज पडल्यास होल्टर (अंगावर लावून दिवसभर ईसीजी नोंदवणारे छोटे यंत्र). टिकाग्रेलॉर या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीने काहींना दम लागतो, क्वचित ठोक्यांत विराम पडतो. बीटा-ब्लॉकर गटातल्या गोळ्यांनी नाडी मंदावते. शंका आली तर डॉक्टरांना विचारून गोळी बदलता येते, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी स्वतःहून एक दिवसही बंद करू नका. स्टेंटमध्ये गुठळी होण्याचे ते मोठे कारण आहे.

चक्कर येऊन पडणे, छातीत दुखणे किंवा बसल्या जागी नाडी १२० च्या वर टिकणे: लगेच १०८ ला फोन करा, स्वतः गाडी चालवत जाऊ नका.