वाचक विचारतात: सर्फर, समुद्र आणि सांडपाणी

गेल्या अंकातल्या माझ्या लेखानंतर बरीच पत्रं आली. तो लेख कॉर्नवॉलच्या सर्फरांवर होता. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, थेट अटलांटिकच्या तोंडाशी असलेल्या या भागातली ही मंडळी ऐन थंडीतही बोर्ड घेऊन लाटांवर स्वार होतात आणि पाण्यात शिरण्याआधी किनाऱ्यावरचा पिशवीभर कचरा उचलतात. मी इथेच राहते, पाण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी पेरनपोर्थच्या किनाऱ्यावर असते. माहेर वेंगुर्ल्याचं, त्यामुळे कोकणातून आलेल्या पत्रांना जरा जास्त जागा दिली आहे, तेवढं चालवून घ्या.

माझा मुलगा तुमच्या कॉर्नवॉलमध्येच, फालमथला शिकतो. दर रविवारी फोनवर सांगतो, आज ग्रुपबरोबर किनारा साफ केला. एवढा खर्च करून पाठवलं ते कचरा वेचायला का, असं त्याच्या बाबांना वाटतं. सर्फिंगवाल्यांचा आणि या कामाचा संबंध काय? — एक आई, ठाणे

ताई, हे उत्तर त्याच्या बाबांना वाचून दाखवा.

सर्फर दोन-दोन तास पाण्यात असतो. लाट अंगावर फुटते, बोर्डावरून पडतो, नाकातोंडात पाणी जातं. साध्या पोहणाऱ्याच्या दहापट समुद्राचं पाणी सर्फरच्या पोटात जातं, असा एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांचा अंदाज आहे. याच विद्यापीठाने नेहमी सर्फिंग करणाऱ्या १४३ आणि न करणाऱ्या १३० माणसांच्या आतड्यातले जंतू तपासले. अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. महत्त्वाच्या एका प्रतिजैविकाला दाद न देणारा ई. कोलाय हा जंतू सर्फरांपैकी ९ टक्क्यांच्या पोटात सापडला, इतरांपैकी ३ टक्क्यांच्या. म्हणजे तिप्पट. अशा माणसाला पुढे त्याच जंतूचा संसर्ग झाला, तर त्या औषधाचा उपयोग होणार नाही. समुद्र घाण झाला की पहिला फटका कुणाला बसतो, ते यावरून कळेल.

इथल्या लोकांना हे अभ्यासाच्या कितीतरी आधी अंगावर भोगून कळलं होतं. पूर्वी कॉर्नवॉलच्या गावांचं मैलापाणी जवळजवळ तसंच्या तसं समुद्रात सोडलं जायचं. सर्फरांचे कान वाहायचे, घसा धरायचा, जुलाब व्हायचे. १९९० साली सेंट ॲग्नेस, पोर्थटोवन, चॅपल पोर्थ या शेजारशेजारच्या गावांतले सर्फर एकत्र आले आणि ‘सर्फर्स अगेन्स्ट सुएज’ (म्हणजे मैलापाण्याविरुद्ध सर्फर) ही संस्था उभी राहिली. आदल्याच वर्षी इंग्लंड-वेल्समधल्या पाणी कंपन्या खाजगी झाल्या होत्या. वेटसूट, म्हणजे थंड पाण्यात घालायचा घट्ट रबरी पोशाख घालून, तोंडाला गॅस मास्क लावून, बोर्ड काखेत मारून आणि विष्ठेच्या आकाराचा हवा भरलेला भलामोठा फुगा बरोबर घेऊन ही पोरं लंडनला पार्लमेंटच्या दारात उभी राहिली. फोटो छापून आले, लोक बोलू लागले. पण नुसत्या फोटोंवर भागलं नाही. संस्थेचे एक संस्थापक ख्रिस हाइन्स आणि त्यांच्या सोबत्यांनी कायदा वाचला, अहवाल वाचले, अधिकाऱ्यांसमोर आकडे मांडले. पुढच्या काळात मैलापाण्यावर प्रक्रिया करणारे प्रकल्प उभे राहिले. त्यामागे युरोपचे नियम होते, तसाच या लोकांचा रेटाही होता.

काम संपलं असं मात्र मुळीच नाही. जुन्या वस्त्यांत पावसाचं पाणी आणि संडासाचं पाणी एकाच नळातून वाहतं. जोराचा पाऊस झाला की नळ भरतो, आणि घाण उलटी घरात येऊ नये म्हणून ती तशीच नदीत किंवा समुद्रात सोडली जाते. हे अडीअडचणीलाच व्हावं असा नियम आहे. सरकारी नोंदीप्रमाणे २०२३ या एका वर्षात इंग्लंडमध्ये असं पाणी ३६ लाखांहून अधिक तास सोडलं गेलं. इतके तास अडीअडचणीचे असतात, हे मला पटत नाही, आणि माझ्याबरोबर पाण्यात उतरणाऱ्या कुणालाच पटत नाही. अनेक ठिकाणी नळ, टाक्या वेळेवर वाढवल्याच गेल्या नाहीत.

हे सगळं इंग्लंडपुरतं नाही. कॅलिफोर्नियात मालिबूच्या सर्फरांनी १९८४ साली ‘सर्फरायडर फाउंडेशन’ काढलं. उत्तरेला हम्बोल्टच्या किनाऱ्यावर कागदाच्या लगद्याचे दोन कारखाने रसायनांचं पाणी समुद्रात सोडत. सर्फरांनी त्यांच्यावर खटला भरला आणि १९९१ साली ५८ लाख डॉलरचा दंड वसूल करणारी तडजोड पदरात पाडून घेतली.

तर ताई, तुमचा मुलगा रविवारी जे करतो त्याला मोठी परंपरा आहे. फक्त त्याला एवढं सांगा की जोराचा पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस पाण्यात उतरू नकोस, अंगाला जखम असेल तर अजिबात नको. कुठे मैलापाणी सोडलं आहे ते दाखवणारं सर्फर्स अगेन्स्ट सुएजचं मोबाइल ॲप आहे. त्याच्याकडे बहुतेक असेलच, पण आईने विचारलेलं बरं असतं.

ताई, आम्ही मालवणकडची दहा-बारा पोरं. दोघांकडे बोर्ड आहेत, बाकीचे पोहतात. पावसाळा संपला की किनारा साफ करतो. आठ दिवसांत परत तसाच. मग लोक हसतात. काय उपयोग? — एक विद्यार्थी

उपयोग आहे, पण तू विचारतोस ते बरोबर आहे. नुसतं उचलत बसलास तर आयुष्य जाईल.

पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा आणि उधाण समुद्रातलं सगळं किनाऱ्यावर आणून टाकतात. शिवाय नदी-नाल्यांतून वर्षभर साठलेलं त्याच काळात खाली वाहत येतं. तुम्ही उचलता तो एका हंगामाचा कचरा असतो आणि त्याच्या मागे सगळा डोंगरउतार उभा असतो. म्हणून उचलण्याआधी मोजा. पन्नास पावलांचा एकच ठरावीक पट्टा घ्या, दर वेळी तोच. भरतीच्या रेषेवर काय काय आहे ते वहीत लिहा: गुटख्याच्या पुड्या, पाण्याच्या बाटल्या, थर्माकोल, चपला, नायलॉनच्या दोरीचे तुकडे, फाटकी जाळी, औषधांच्या बाटल्या. कुठल्या कंपनीचं वेष्टन, कुठल्या गावच्या दुकानाची पिशवी, तेही लिहा.

एक वर्ष असं केलंस की चित्र दिसायला लागतं. जाळी आणि दोऱ्या जास्त असतील, तर मच्छीमार सोसायटीशी बोलायचं: फाटकी जाळी जमा करायला बंदरात जागा आहे का? हे बोलताना आवाज चढवायचा नाही, कारण किनाऱ्यावरून जाळं ओढणारा रापणकार काय किंवा ट्रॉलरवाला काय, जाळं फेकून देण्याची हौस कुणालाच नसते. ते किनाऱ्यावर आणून द्यायची सोय नसते. पुड्या आणि प्लेटा जास्त असतील, तर प्रश्न किनाऱ्यावरच्या टपऱ्यांचा आणि ग्रामपंचायतीचा. थर्माकोलच्या आणि प्लास्टिकच्या ताटल्या-वाट्यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. वही घेऊन ग्रामसभेत उभा राहा. तिथे कुणी हसणार नाही.

कॉर्नवॉलमधली एक गोष्ट सांगते, कारण ती मी हातात घेऊन पाहिली आहे. ट्रेगँटल नावाचा किनारा आहे. तिथे वाळू ओंजळीत घेतली की तिच्यात मसुराएवढे प्लास्टिकचे दाणे दिसतात. काही पांढरे, गुळगुळीत. ते कारखान्यांचा कच्चा माल, ज्यापासून बादल्या-बाटल्या बनतात. पण काही काळपट, आणि नखाने चाचपलं की त्यांच्या अंगावर खाचा लागतात. किनारा साफ करणाऱ्यांनी या खाचावाल्या दाण्यांचा माग काढला. काही मैलापाणी शुद्धीकरण प्रकल्पांत जंतूंना चिकटून वाढता यावं म्हणून असे दाणे टाक्यांत भरतात. खाचा त्यासाठीच. टाकीतून निसटले की थेट समुद्रात. म्हणजे समुद्र स्वच्छ राहावा म्हणून बांधलेल्या प्रकल्पातूनच प्लास्टिक सुटत होतं, आणि हे शोधलं ते चाळणी घेऊन वाळूत बसणाऱ्या लोकांनी. गुळगुळीत आणि खाचांचे दाणे त्यांनी वेगळे केले नसते, तर दोष कारखान्यांवर जाऊन प्रकरण मिटलं असतं.

तुमच्याकडेही पांढरे दाणे दिसले तर फोटो काढा, तारीख लिहा. मे २०२५ मध्ये केरळजवळ ‘एमएससी एल्सा ३’ हे जहाज बुडालं, त्यानंतर केरळ आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांवर असे दाणे आले होते. मासे ते अंडी समजून गिळतात.

आणि पोरांना गंमत वाटेल म्हणून सांगते. १३ फेब्रुवारी १९९७ रोजी कॉर्नवॉलजवळ ‘टोकियो एक्स्प्रेस’ या जहाजाला मोठी लाट बसून ६२ कंटेनर पाण्यात पडले. एका कंटेनरमध्ये लेगो या प्लास्टिकच्या खेळण्याचे जवळपास ४८ लाख तुकडे होते. इतक्या वर्षांनंतर आजही ते वाहून येतात आणि लोक एकेकाची नोंद करतात. मला एक निळा पाय-पंखा मिळाला आहे, खेळण्यातल्या पाणबुड्याच्या पायातला, नखाएवढा. त्याच खेळण्यांतला काळा ऑक्टोपस मिळावा म्हणून इथली मोठमोठी माणसं वाकून वाकून चालतात.

पर्यटन हंगामाआधी आम्ही जेसीबी लावून किनारा साफ करून घेतो. लवकर होतं, स्वच्छ दिसतं. यात काही चूक आहे का? — एक ग्रामपंचायत सदस्य, रत्नागिरी जिल्हा

हो. कृपया थांबवा.

यंत्र प्लास्टिकबरोबर वाळू उचलतं, शेवाळ उचलतं, वरच्या अंगाची मर्यादवेल उपटतं. त्या वेलीच्या मुळांनी वाळू धरून ठेवलेली असते. ती गेली की पुढच्या उधाणात किनारा खचतो आणि मग तुम्हालाच दगडी बंधाऱ्यासाठी अर्ज करावा लागतो. आपल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत अंडी घालतात, म्हणजे नेमकं तुमच्या हंगामात. घरटं वाळूखाली असतं, जेसीबीवाल्याला दिसत नाही. वेळासला गावकऱ्यांनी आणि चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने ही घरटी जपली आणि त्या पिल्लांना बघायला आज लोक दुरून येतात. हेही पर्यटनच आहे. माणसांना मजुरी देऊन हाताने वेचून घ्या. वाहून आलेलं शेवाळ राहू द्या, त्यातल्या किड्यांवर पक्षी जगतात.

सर्फरांचे बोर्ड आणि सूटही प्लास्टिकचेच ना? मग त्यांनी इतरांना शिकवावं का? — पुणे

बोर्ड फोमचा, त्यावर फायबरग्लास आणि रेझिन. वेटसूट बहुधा निओप्रीन या कृत्रिम रबराचा. नैसर्गिक रबराचे सूट निघाले आहेत, महाग आहेत. सर्फर जुना बोर्ड दुरुस्त करून करून वापरतात, एकमेकांचे सूट घेतात. एवढं करूनही आक्षेप खरा उरतो. पण ज्याच्या अंगावर घाण येते त्याने तोंड उघडायचं नाही, हे मला मान्य नाही.

शाळेच्या मुलांना किनारा सफाईला न्यायचं आहे. काय काळजी घ्यावी? — एक शिक्षिका, गुहागर

ओहोटीला न्या, पाठ समुद्राकडे करू देऊ नका. जाड हातमोजे घाला. सुया, काचा, बंद ड्रम मोठ्यांनीच बघायचे. पावसाळ्यात निळी फुग्यासारखी ‘ब्लू बॉटल’ वाहून येते, ती मेलेली दिसली तरी दंश करते. सप्टेंबरचा तिसरा शनिवार आंतरराष्ट्रीय किनारा सफाईचा असतो, पण त्या दिवशी उधाण असेल तर दिवस बदला.

आमच्या महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा आहे. विद्यार्थी समुद्राचं पाणी तपासू शकतील का? — एक प्राध्यापक, दक्षिण रत्नागिरी

सर, सगळ्या पत्रांत मला तुमचं पत्र सर्वांत आवडलं. जरूर करा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांत आंघोळीच्या आणि जलक्रीडेच्या समुद्री पाण्यासाठी वेगळा वर्ग आहे. त्यात १०० मिलिलिटरला १०० फीकल कोलिफॉर्म, म्हणजे विष्ठेतून येणारे जंतू, ही मर्यादा आहे. म्हणजे तुमच्या आकड्याची तुलना कशाशी करायची, हे ठरलेलंच आहे.

कमरेएवढ्या पाण्यात जाऊन निर्जंतुक बाटली तळाला धरायची, तोंड खाली करून बुडवायची आणि हातभर खोलीवर प्रवाहाकडे तोंड करून भरायची. बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत आणायची. आम्ही वापरतो ती पद्धत अशी: खारं पाणी दहापट पातळ करून त्यात जंतूंचं खाद्य मिसळायचं, ते खणाखणांच्या प्लास्टिक ट्रेमध्ये ओतून सीलबंद करायचं आणि रात्रभर उबवायचं. सकाळी अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा लावला की ज्या खणांत विष्ठेतले जंतू असतात ते निळे चमकतात. ते मोजायचे, तक्त्यात बघायचं. हे ट्रे महाग पडतील. तुमच्याकडची नेहमीची नळ्यांची एमपीएन पद्धतही (किती नळ्यांत जंतू वाढले त्यावरून संख्येचा अंदाज) चालेल, फक्त पुन्हा पुन्हा तशीच करा. पिण्याच्या पाण्यासाठी गावोगाव वाटतात ती, जंतू असले की काळी पडणारी बाटली समुद्राच्या पाण्याला वापरू नका.

दोन जागा निवडा, एक खाडीच्या मुखाजवळ आणि एक लांब. प्रत्येक बाटलीवर तारीख, वेळ, भरती की ओहोटी आणि मागच्या दोन दिवसांत पाऊस झाला का, एवढं लिहा. कोरड्या आठवड्यांतले नमुनेही घ्या. फक्त पावसानंतरचे आकडे घेऊन प्रदूषण मंडळाकडे गेलात, तर कोरड्या दिवसांचे आकडे कुठे आहेत, हीच शंका समोरचा अधिकारी पहिली काढेल.