मोटार नाही, म्हणून घंटा हवीच

प्रश्न : ताई, उन्हाळ्यात तीन महिने लेकीकडे इंग्लंडला राहणार आहे, सरे परगण्यात. नातू आठ वर्षांचा. जावई म्हणतात, जंगलातल्या ‘कंट्री पार्क’मध्ये त्याला घेऊन सायकल चालवा, तिथे मोटारी येत नाहीत. लग्नाआधी मी रोज सायकलने कॉलेजात जात असे, त्यानंतर हँडलला हात लावलेला नाही. वय बासष्ट, डावा गुडघा कुरकुरतो. खडीवर सायकल घसरेल का? आणि सलवार-कमीजवर चालेल ना?
— एक आजी

उत्तर : काकू, सलवार चालेल. चेन उजव्या बाजूला असते, म्हणून उजव्या पायाची मोहरी रबरबँडने घट्ट बांधा आणि ओढणी घरीच ठेवा. चाकात ओढणी अडकली की सायकल जागच्या जागी थांबते, माणूस पुढे जातो.

खडी म्हटल्यावर रस्त्याच्या कामाला आणून टाकलेला ढीग डोळ्यांसमोर आणू नका. तिथल्या जंगलातल्या वाटांवर बारीक दगडाची भर घालून वर रोलर फिरवलेला असतो. मधला भाग जवळजवळ डांबरासारखा घट्ट, सुटे खडे कडेला आणि वळणांवर. या वाटा मुळात सायकलींसाठी नव्हत्याच. पहिल्या महायुद्धात खंदकांना आणि कोळशाच्या खाणींना टेकू द्यायला ब्रिटनला लाकूड पुरेना, म्हणून १९१९मध्ये फॉरेस्ट्री कमिशन स्थापन झालं आणि मोठ्या प्रमाणावर झाडं लावली गेली. तोडलेले ओंडके न्यायला ट्रक लागणार, आणि भरलेल्या ट्रकला खडा चढ झेपत नाही. त्यामुळे वाटा रुंद आणि चढ बेताचे. ट्रकची ही सोय आज आपल्या गुडघ्यांच्या कामी येते.

कंट्री पार्कची गंमत वेगळीच. १९६८च्या कायद्याने स्थानिक कौन्सिलांना असे पार्क उभारायचे अधिकार दिले. मोटारी घेऊन सुटीला बाहेर पडणाऱ्या शहरवासीयांना घराजवळच हिरवाई मिळावी आणि दूरच्या खेड्यांवरची गर्दी टळावी, हा त्यामागचा विचार. म्हणजे मोटारींमुळेच जन्माला आलेली ही जागा. दारात भलंमोठं पार्किंग, आणि आत मोटारीला मज्जाव! तरी जावयांचं ‘येत नाहीत’ थोडं सैल धरा. रेंजरची गाडी हळूहळू जाताना दिसते आणि तोडीच्या दिवसांत लाकडाचे ट्रकही येतात. ‘वाट बंद’ असा फलक दिसला तर शनिवार असो की रविवार, वळसा घालायचा. आणि रचून ठेवलेल्या ओंडक्यांवर नातवाला चढू देऊ नका. ते घरंगळतात.

सुरुवात फार्नहॅमजवळच्या ॲलिस होल्ट जंगलापासून करा. नावाला ते कंट्री पार्क नाही, पण मुलाबाळांसाठी आखलेला सुमारे तीन मैलांचा फेरा तिथे आहे. एखादा लांबचा दिवस काढता आला तर डॉर्सेटमधलं मूर्स व्हॅली गाठा. पाइनची झाडं, वाळूची जमीन, बराचसा सपाट भाग, सायकली भाड्याने मिळतात आणि नातू कंटाळलाच तर छोटी वाफेची गाडीही आहे. पीटर्सफील्डजवळच्या क्वीन एलिझाबेथ कंट्री पार्कची तारीफ तुम्हाला कोणीतरी ऐकवेलच. बीचचं जंगल देखणं आहे, पण जमीन चुनखडीची आणि डोंगरउताराची. ओली चुनखडी साबणासारखी निसरडी असते. पहिल्या आठवड्यात तिकडे नको.

आता घसरण्याबद्दल. खडीवर माणूस बहुधा वेगामुळे पडत नाही, वळणात ब्रेक दाबल्यामुळे पडतो. वेग वळणाच्या आधी, चाक सरळ असताना कमी करायचा. ब्रिटनमधल्या सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. तो एकट्याने कचकन दाबला की पुढचं चाक निसटतं. दोन्ही ब्रेक मिळून, पिळल्यासारखे हळू दाबा. आधी पार्किंगच्या मोकळ्या कोपऱ्यात हेच दहा-पंधरा वेळा करून बघा, नातवालाही करायला लावा. कोपर सैल ठेवा. हँडल थोडं डुगडुगतं, त्याला डुगडुगू द्या. घट्ट धरून सरळ करायला गेलात की तोल जातो. आणि नजर समोरच्या खड्ड्यावर खिळवू नका. जिकडे बघाल तिकडे सायकल जाते, ही जुनी खोड अजून गेलेली नाही.

भाड्याच्या सायकलींच्या टायरमध्ये बऱ्याचदा डांबराला शोभेल एवढी हवा ठासलेली असते. खडीवर अशी सायकल उड्या मारते आणि मनगटं दुखतात. चाळीस मिलिमीटर रुंदीचा टायर आणि तुमचं वजन साठ किलोच्या आसपास असेल तर ३५ पीएसआय (हे हवेच्या दाबाचं माप) पुरे. मी पुढच्या चाकात त्याहून थोडी कमी ठेवते. टायरच्या कडेवर किमान आकडा छापलेला असतो, त्याच्या खाली मात्र जाऊ नका.

गुडघ्यासाठी दोन गोष्टी. पेडल खाली असताना पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा, एवढी सीट वर घ्या. भीतीपोटी सीट खाली ठेवणं हे सायकलवर गुडघे दुखण्याचं एक मोठं कारण. दुसरं, हलका गिअर टाकून पाय भराभर फिरवा. दांडा खाली वाकलेली सायकल मागा, म्हणजे चढता-उतरताना पाय उंच टाकावा लागत नाही. बॅटरीची सायकलही घेऊ शकता. मोटर २५० वॉटची, पेडल मारल्यावरच चालणारी आणि ताशी २५ किलोमीटरला मदत थांबवणारी असली की कायदा तिला साधी सायकलच मानतो. फक्त चालवणारा किमान चौदा वर्षांचा हवा, त्यामुळे नातवाला ती देता येणार नाही. तुम्ही पुढे पळाल आणि तो मागे धापा टाकेल, एवढं सांभाळा.

प्रश्न : नवी ग्रॅव्हल बाइक, म्हणजे खडीच्या वाटांसाठीची सायकल, घेतली आहे. परवा कंट्री पार्कमध्ये एका पाऊलवाटेवरून जाताना कुत्रा फिरवणाऱ्या गृहस्थांनी मला अडवून चांगलंच झापलं. पार्क सर्वांचा आहे ना? मग वाट फक्त त्यांची कशी?
— लंडनहून एक वाचक

उत्तर : पार्क सर्वांचा असतो, पण प्रत्येक वाट सर्वांची नसते. खांबावरचे बाण बघायची सवय लावा. इंग्लंड-वेल्समध्ये पिवळा बाण म्हणजे फक्त चालणाऱ्यांची वाट. निळा म्हणजे ब्राइडलवे, घोडेस्वारांची. १९६८च्या त्याच कायद्याने तिथे सायकलला परवानगी दिली, पण अट घालून : चालणाऱ्याला आणि घोड्याला आधी वाट द्यायची. जांभळ्या बाणाची वाट चालणारे, घोडे, सायकली आणि घोडागाड्यांची, मोटारींची नाही. लाल बाण दिसला तर सावध राहा, तिथे मोटारीही येऊ शकतात. शिवाय पार्कचे स्वतःचे नियम असतात, ते दारातल्या फलकावर वाचा. सायकलींसाठी आखलेल्या फेऱ्यांना रंगच असतात, पण ते अवघडपणाचे : हिरवा सोपा, मग निळा, लाल, काळा. खांबावरचा निळा आणि फेऱ्याचा निळा यांची गल्लत करू नका.

तुमची ती वाट पिवळ्या बाणाची असावी, असा माझा अंदाज. तसं असेल तर गृहस्थांचा आवाज चढला असेल, मुद्दा बरोबर होता.

त्याहून मोठी गोष्ट सांगते. रस्त्यावर सायकलवाला सर्वांत दुबळा, म्हणून तक्रार करायची आपल्याला सवय असते आणि ती रास्तही असते. मोटारी नसलेल्या जंगलात मात्र सर्वांत दांडगं वाहन तुम्हीच. आजोबांना ऐकू कमी येतं, लहान मूल अचानक आडवं पळतं, कुत्र्याचा लांब पट्टा वाटेवर आडवा पडलेला असतो. घंटा लांबूनच वाजवा. पाठीशी येऊन वाजवलीत तर माणूस दचकतो आणि नेमका तुमच्या बाजूला उडी मारतो. घोड्याच्या बाबतीत घंटेपेक्षा माणसाचा आवाज बरा. वेग पार कमी करा, स्वाराशी दोन शब्द बोला, त्याने हो म्हटल्यावर पुरेसं अंतर ठेवून चालीच्या वेगाने पुढे जा. मागून गुपचूप येणारी वस्तू घोड्याला शिकारी जनावर वाटते आणि तो लाथ झाडतो. हेल्मेट ब्रिटनमध्ये कायद्याने सक्तीचं नाही. मी घालते.

प्रश्न : जंगलातून आल्यावर मुलीच्या मांडीवर काळा ठिपका दिसला, तो गोचीड निघाला. काय करायचं?
— एक आई

उत्तर : टोकदार चिमटा किंवा गोचीड काढायचं छोटं प्लास्टिकचं साधन घ्या, त्वचेला अगदी लागून पकडा, न पिळता सावकाश सरळ वर ओढा, मग जागा साबणाने धुवा. त्यावर तेल, व्हॅसलिन, काडीची आच यांतलं काही नको. काही गोचिडांमधून लाइम नावाचा जिवाणूंचा रोग होतो, म्हणून तारीख लिहून ठेवा. पसरत जाणारा लाल चट्टा बहुधा एक ते चार आठवड्यांत दिसतो, कधी तीन महिन्यांपर्यंतही. चट्टा किंवा तापासारखी अंगदुखी आली तर जीपीकडे (तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे) जा आणि जंगलात गेल्याचं आठवणीने सांगा. पुढच्या वेळी मोजे पायजम्यावर ओढून घ्या आणि परतल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कानामागे, केसांच्या कडेला नीट बघा.