44 वय, पाळी पुढे-मागे आणि रात्री घाम: ही रजोनिवृत्तीची सुरुवात आहे का?

ताई, पाळी कधी 22 दिवसांनी, कधी दीड महिन्यानं, मध्यरात्री घामानं जाग, क्षुल्लक कारणावरून चिडचिड, आणि घरचे म्हणतात "टेन्शन घेऊ नको". तुमचा प्रश्न वाचला आणि दोन वर्षांपूर्वीची मी आठवले.

आम्हा नागपूरकरांची पंचाईत अशी, की घामाचा दोष उन्हाला देता येतो. मे महिन्यात 45 अंश, घाम येणारच ना बावा! मी कूलरच्या ताट्या बदलल्या, कूलरवाल्याशी भांडले. मग डिसेंबर आला. घरचे रजईत गुरफटलेले आणि मी रात्री दोनला चिंब गाऊनमध्ये बाल्कनीत उभी. छातीतून वाफ निघायची, मानेवरून कानापर्यंत चढायची, पाचेक मिनिटांत उतरायची आणि मागोमाग हुडहुडी. कूलर बिचारा निर्दोष होता.

तुमची लक्षणं बरीचशी त्याच वळणाची आहेत. चाळिशीनंतर पाळीत वारंवार सात दिवसांहून जास्त फरक पडू लागला, तर ही सुरुवात असू शकते. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारी, तारीख, किती दिवस गेलं, किती पॅड लागले आणि घाम कधी आला ते लिहायला लागले. डॉक्टरबाईंना त्याचाच खरा उपयोग झाला. हार्मोनची तपासणी मी आपल्या मनानं करून गेले होते, ते पैसे पाण्यात. या काळात हार्मोन सारखे वर-खाली होतात, एका दिवसाच्या आकड्यावरून फारसं कळत नाही. डॉक्टरांनी सांगितली तरच करा. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन मात्र बघाच. थायरॉइड बिघडलं तरी घाम, धडधड, चिडचिड होते.

माझं हिमोग्लोबिन 8 निघालं. दहा-दहा दिवस जात होतं, गाठी पडत होत्या आणि मी "या वयात होतंच" म्हणत अंगावर काढत होते. जाऊबाईंचा सल्ला तयार, "पिशवी काढून टाक, कटकट गेली." डॉक्टरबाईंनी आधी सोनोग्राफी केली, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि गर्भाशयात हार्मोनची कॉइल बसवली. चार-पाच महिन्यांत रक्तस्राव आटोक्यात आला, पिशवी जागेवरच आहे.

तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल, संबंधानंतर रक्त जात असेल, किंवा वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा डाग दिसला, तर थांबू नका. आणि पाळी चुकली म्हणजे गेलीच असं समजू नका. या काळातही दिवस राहू शकतात!

घामावर सर्वांत गुणकारी औषध हार्मोनचंच. पण स्तनांचा कर्करोग किंवा रक्ताची गुठळी होऊन गेली असेल तर ते आधी सांगायचं. मी घामासाठी वेगळं औषध घेतलं नाही, संध्याकाळचा चहा आणि रात्रीचं झणझणीत सावजी जेवण सोडलं. सावजी सोडताना जीवावर आलं, खोटं कशाला बोलू. हाडांसाठी डंबेल्स उचलते.

नवऱ्याला मात्र स्पष्ट सांगून टाका. आमच्याकडे आता डिसेंबरातही पंखा चालतो, ते दोन रजया घेऊन झोपतात.