वाचकांचे प्रश्न : निर्दोष ठरलेला माणूस घरी येतो तेव्हा

प्रश्न : मा. वकीलताई, सादर नमस्कार. माझ्या धाकट्या भावाला २४व्या वर्षी एका खुनाच्या गुन्ह्यात अटक झाली. तो शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीत मोल्डर होता. सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली, अपील कित्येक वर्षे पडून राहिले आणि अखेर उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. पाच महिन्यांपूर्वी तो कोल्हापूरच्या कळंबा जेलमधून घरी आला, तेव्हा आई जाऊन चार वर्षे झाली होती. गावात लोक म्हणतात, ‘संशयाचा फायदा मिळाला म्हणून सुटला.’ तो पहाटे उठतो, पांघरुणाची घडी घालतो आणि गिनतीला बसावे तसा भिंतीकडेला बसून राहतो. दाराची कडी स्वतः काढत नाही, कोणी काढेपर्यंत उभा राहतो. त्याच्या ११ वर्षांची भरपाई मिळते का? नावावरचा डाग पुसला जातो का?
– एक भगिनी, करवीर तालुका

उत्तर : ताई, तुम्ही भरपाईचे विचारले आहे, पण मी दाराच्या कडीपासून सुरुवात करते. विधी सेवेच्या कामासाठी मी कळंब्याला अनेक वर्षे जात आले आहे आणि सुटून आलेल्या माणसांच्या घरीही गेले आहे. ज्याचे दार ११ वर्षे दुसऱ्याने उघडले आणि दुसऱ्यानेच लावले, त्याचा हात कडीकडे जात नाही, यात वेडेपणा काही नाही. त्याला हसू नका, घाईही करू नका; सकाळी दूध आणायला त्यालाच पाठवा आणि त्या वेळी घरातल्या कोणीही दार उघडायला उठू नका. झोप येत नसेल, माणसे नकोशी होत असतील, तर सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात त्याला घेऊन जा. १४४१६ या, टेली-मानस नावाच्या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येते, त्यामुळे तो दवाखान्यात यायला तयार नसला तरी निदान बोलण्याची सोय आहे.

आता लोकांच्या बोलण्याविषयी. आपल्या फौजदारी कायद्यात दोषी आणि निर्दोष यांच्या मध्ये तिसरी जागा नाही. गुन्हा सिद्ध झाला नाही, तर माणूस निर्दोषच असतो आणि तसे वागवले जाण्याचा त्याला हक्क असतो. मात्र एक गोष्ट तुमच्यापासून लपवणे बरोबर होणार नाही. नोकरीच्या, विशेषतः पोलीस खात्यातील नोकरीच्या, प्रकरणांत न्यायालयांनी सन्मानपूर्वक मुक्तता आणि केवळ पुराव्याअभावी झालेली मुक्तता यांत फरक केलेला आहे, आणि भरपाई मागतानाही निकालात नेमके काय लिहिले आहे यालाच महत्त्व येते. म्हणून निकालाची प्रमाणित प्रत काढा आणि ती वकिलांकडून ओळीने समजून घ्या. साक्षीदार खोटा ठरला, पंचनामा बनावट ठरला, की फक्त पुरावा अपुरा पडला, हे त्या पानांत असेल. त्या प्रतीच्या चार-पाच झेरॉक्स घरात ठेवा. रेशन कार्डावर नाव परत चढवण्यापासून बँकेचे बंद पडलेले खाते सुरू करण्यापर्यंत, तुरुंगातल्या वर्षांचा खुलासा जिथे मागतील तिथे ती दाखवावी लागेल.

भरपाईविषयी मी खोटी आशा लावणार नाही. चुकीने शिक्षा भोगलेल्या माणसाला अमुक इतकी रक्कम द्यावी, असा कायदा आपल्या देशात नाही. विधी आयोगाने २०१८ साली आपल्या २७७व्या अहवालात असा कायदा करण्याची शिफारस केली; तो झाला नाही. जुलै २०२५ मध्ये फाशीची शिक्षा झालेल्या एका माणसाला निर्दोष सोडताना सर्वोच्च न्यायालयाने हीच उणीव पुन्हा बोलून दाखवली आणि निर्णय संसदेवर सोडला. पुरेसे कारण नसताना एखाद्याला पोलिसांकरवी अटक करायला लावणाऱ्याकडून नुकसानभरपाई देण्याची तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे, पण तिची कमाल मर्यादा १,००० रुपये आहे. हा आकडा लिहितानाही मला लाज वाटते.

मग उरतात दोन वाटा. पहिली उच्च न्यायालयातील रिट याचिकेची, म्हणजे राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ने दिलेल्या स्वातंत्र्याचा सरकारने भंग केला म्हणून भरपाई मागण्याची. १९८३ साली बिहारच्या रुदल शाह यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही वाट उघडली. ते १९६८ मध्ये निर्दोष ठरूनही १९८२ पर्यंत तुरुंगातच होते, आणि त्या १४ वर्षांसाठी त्यांना एकूण ३५,००० रुपये मिळाले. आपल्या राज्यातील उदाहरण २०१९चे आहे. भटक्या जमातीतील सहा मजुरांच्या फाशीवर सर्वोच्च न्यायालयानेच २००९ मध्ये शिक्कामोर्तब केले होते. त्याच न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी त्यांना निर्दोष ठरवले, कारण जखमी साक्षीदार महिलेने पोलिसांकडच्या फोटोंवरून दुसऱ्याच चौघांना ओळखले होते आणि त्या दिशेने तपासच झालेला नव्हता. प्रत्येकाला पाच लाख रुपये देण्याचा आणि जबाबदार अधिकाऱ्यांवर कारवाई करण्याचा आदेश राज्य सरकारला झाला. १६ वर्षांचे पाच लाख, म्हणजे महिन्याला तीन हजारांहूनही कमी. तरीही सरकारची चूक आदेशात नोंदली गेली, याचे मोल मी कमी मानत नाही.

दुसरी वाट दिवाणी दाव्याची आहे. हेतुपुरस्सर खोट्या खटल्यात गोवले, हे त्यात सिद्ध करावे लागते आणि ते अवघड असते. पण त्याची मुदत निर्दोष सुटल्यापासून फक्त एक वर्षाची आहे, तुमचे पाच महिने गेले आहेत आणि सरकारला प्रतिवादी करायचे तर आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. दावा करा किंवा करू नका, पण हा निर्णय याच महिन्यात घ्या. रिटसाठी आता मुंबईच्या फेऱ्या नाहीत. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारे खंडपीठ, कोल्हापुरातच, सीपीआरजवळच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत बसते. वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. सरकारने वरच्या न्यायालयात अपील केले आहे का, याचीही वकिलांकडून खात्री करून घ्या. ९० दिवसांची मुदत उलटली असली तरी विलंब माफ करून घेता येतो, आणि दारात अचानक नोटीस आली तर तुमचा भाऊ पुन्हा कोलमडेल.

प्रश्न : मी कोल्हापुरात कायद्याच्या तिसऱ्या वर्षात शिकतो. परदेशात चुकीने शिक्षा झालेल्यांना सोडवणाऱ्या संस्था असतात, असे वाचले. आपण विद्यार्थी इथे काही करू शकतो का?
– एक विद्यार्थी, राजारामपुरी

उत्तर : अमेरिकेत बॅरी शेक आणि पीटर न्यूफेल्ड या दोन वकिलांनी १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका विधी महाविद्यालयात ‘इनोसन्स प्रोजेक्ट’ सुरू केला आणि जपून ठेवलेल्या नमुन्यांची डीएनए तपासणी करून माणसे सोडवली. इंग्लंडमध्ये १९९७ पासून जुनी प्रकरणे पुन्हा तपासणारा स्वतंत्र आयोग आहे. जपानमध्ये इवाओ हाकामादा १९६६ मध्ये पकडले गेले आणि फेरसुनावणीत २०२४ साली, वयाच्या ८८व्या वर्षी निर्दोष ठरले. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानंतर पुनर्विलोकन आणि क्युरेटिव्ह याचिका, म्हणजे त्याच न्यायालयाला आपला निकाल पुन्हा तपासण्याची विनंती, एवढेच उरते. नवा पुरावा घेऊन जाण्यासाठी वेगळे दार नाही.

म्हणूनच आपल्याकडचे खरे काम अपिलाच्या आधीचे आहे. शिक्षेच्या निकालाची प्रत कैद्याला मोफत मिळाली पाहिजे, असा कायदा आहे, पण ती मिळाल्यावर वाचून कोण देणार? मला भेटलेल्या एका कैद्याने निकाल प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवला होता आणि आपल्याविरुद्ध कोणाची साक्ष ग्राह्य धरली गेली, हे त्याला तोवर कोणी सांगितलेले नव्हते. विधी सेवा प्राधिकरणाकडे पॅरालीगल स्वयंसेवक, म्हणजे वकील नसतानाही कायद्याची प्राथमिक मदत करणारा, म्हणून नाव नोंदवा, परवानगी घेऊन जेलमधल्या विधी सहाय्य केंद्रात बसा, आणि प्रत्येकाला तीन गोष्टी विचारा : अपील दाखल झाले आहे का, त्याचा क्रमांक काय, वकील कोण. यांतल्या एकाचे जरी उत्तर आले नाही, तरी तुमचे काम तिथून सुरू होते.

प्रश्न : उद्यमनगरात माझे लेथचे वर्कशॉप आहे. जेलमधून निर्दोष सुटलेला एकजण काम मागायला आला आहे. ठेवून घेण्यात कायद्याची अडचण येईल का? इतर कामगार कुरकुर करत आहेत.
– एक कारखानदार

उत्तर : कायद्याची कोणतीही अडचण नाही. पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीत जुन्या गुन्ह्याची नोंद दिसू शकते. ती दिसली तर त्याला निकालाची प्रत जोडून पोलीस अधीक्षक कार्यालयात दुरुस्तीचा अर्ज करायला सांगा. फॉर्मवर अटकेविषयी विचारलेले असेल, तर त्याने खरे लिहावे आणि पुढे निर्दोष सुटल्याची तारीख लिहावी.

कामगारांशी मात्र तुम्ही स्वतः बोला, ते त्याच्यावर सोपवू नका. याच शहरात शाहू महाराजांनी फासेपारध्यांची रोजची हजेरी बंद केली आणि ज्यांच्याकडे सगळे चोर म्हणून पाहत होते त्यांना काम दिले, हे तुमच्या कामगारांनाही ठाऊक असेल. त्या माणसाला लेथ चालवायची सवय राहिलेली नसेल, तर पहिले दोन महिने जुन्या मिस्त्रीच्या हाताखाली ठेवा, पण पगार इतरांच्याच तारखेला आणि इतरांसारखाच द्या. आणि न्यायालयाच्या तारखेसाठी त्याने सुट्टी मागितली, तर कारण सगळ्यांसमोर विचारू नका.