यूव्हीबी देण्याआधी एवढं बघ
अगं, पेशी वाढवलेल्या प्लेटचं झाकण काढल्याशिवाय त्यांना यूव्हीबी (अतिनील किरणांचा एक प्रकार) देऊ नकोस. पॉलिस्टायरिन प्लॅस्टिकचं झाकण 280 ते 315 नॅनोमीटरचे हे किरण बरेचसे अडवतं, मग पेशींना काहीच झालं नाही असं वाटत राहतं. लाल मीडियाही (पेशी वाढवायचं द्रावण) काढ, त्यातला फिनॉल रेड हा रंग किरण शोषतो. पीबीएसने (पेशींना चालणारं मिठाचं द्रावण) धुऊन त्याचाच पातळ थर ठेव, पण पटपट उरक. मराठवाड्यातल्या एप्रिलात तो बघता बघता आटतो. इकडे व्होल्टेज वरखाली झालं की दिवा मंदावतो, म्हणून डोस नुसत्या मिनिटांवर धरू नकोस, दरवेळी मीटर लाव. तुलनेसाठी किरण न दिलेली प्लेटही तितकाच वेळ उघडी ठेव. आणि हे नीट लक्षात घे: हाकॅट पेशींत (प्रयोगशाळेत कायम वाढत राहणाऱ्या माणसाच्या त्वचेच्या पेशी) पी-53, म्हणजे बिघडलेल्या पेशीला मरायला लावणारं प्रथिन, मुळातच बिघडलेलं असतं. पेशी मरण्याबद्दल काही म्हणायचं असेल तर प्राथमिक केराटिनोसाइट्सवरही (थेट त्वचेतून घेतलेल्या पेशी) बघच.