कुणाची तबकडी, कुणाचं नाव

प्रिय,

अनेक आशीर्वाद. परवा फोनवर तू किती खुशीत होतीस! तुमच्या जुन्या नाट्यसंगीताच्या ग्रुपला एका मोठ्या वेबसाइटनं 'मिळून काम करू' असं विचारलंय, तीन दिवसांत कळवा म्हणालेत, आणि तू मला विचारलंस, "काकू, हो म्हणून टाकू ना?" मी 'थांब' एवढंच म्हटलं. ते तुला लागलं असणार, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक वही कर. ग्रुपवर आजवर जी जी पदं ऐकवली गेली, त्यातलं प्रत्येक कुणाच्या घरातून आलं, ते तिच्यात लिही. व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये 1024 माणसं मावतात, तुमचा बहुतेक भरतच आलाय. पण ग्रामोफोनच्या तबकड्या जपणारी, त्या वाजवून, उतरवून पाठवणारी माणसं त्यात वीस-पंचवीसच असतील. ग्रुप चालतो तो त्यांच्यावर. आम्ही बाकीचे ऐकणारे.

ते काम काय असतं हे मी एकदा सांगलीला एका काकांकडे बसून पाहिलं. निवृत्त शिक्षक. त्यांनी खाकी पाकिटातून तबकडी काढली, मऊ फडक्यानं खाचांच्या दिशेनं पुसली, नवी सुई लावली. मग हार्मोनियम जवळ ओढून गायकाचा सा शोधत बसले. तबकडी मिनिटाला 78 फेऱ्यांऐवजी 83 फिरली तर काळी एकची पांढरी दोन होते, म्हणजे पट्टी अर्ध्या स्वरानं चढते. आवाज बारीक होतो, ताना उगाच धावायला लागतात. पट्टी जुळेपर्यंत त्यांनी तीन-साडेतीन मिनिटांची ती एक बाजू पाच वेळा वाजवली. शेवटी बॅटरीच्या उजेडात, भिंगातून लेबलाशेजारी कोरलेला मॅट्रिक्स नंबर, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक, वाचला आणि पाटीवरच्यासारख्या अक्षरात टिपून ठेवला. एका पदासाठी सगळी सकाळ गेली.

अशी चाळीस पदं आम्ही एका वेबसाइटला दिली होती. बोलणं सगळं तोंडी, 'आपलीच माणसं आहेत' या भरवशावर. महिन्याभरात प्रत्येक पदाच्या मधोमध त्यांच्या नावाची उद्घोषणा आली आणि काकांचं नाव कुठेच उरलं नाही. आम्ही लिहिलं, तर उत्तर आलं की हे सगळीकडेच फिरतंय. काकांना मी फोन केला. ते रागावले नाहीत. "आता पुरे," म्हणाले, आणि त्यानंतर त्यांनी एकही पद पाठवलं नाही. वेबसाइटची चूक होतीच, पण पहिली चूक माझी. देण्याआधी मी आमच्या ग्रुपला विचारलं होतं, काकांना नाही.

म्हणून तुला सांगते, जे आपलं नाही ते परस्पर देऊ नकोस. वही झाली की त्यातल्या प्रत्येकाला फोन कर. मेसेज नको, फोन. कुणी नाही म्हणालं तर त्यांची पदं बाजूला ठेव. कारण विचारू नकोस.

कायद्याचंही बघ, कारण उद्या नोटीस आली तर तुला येईल. 1957च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं असतो. शब्द आणि चाल यांचा हिशेब वेगळा: ज्याची निर्मिती, त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. 'मानापमान' 1911चं. ते लिहिणारे खाडिलकर 1948 साली गेले, चाली देणारे गोविंदराव टेंबे 1955 साली. त्यामुळे त्यातल्या पदांची साठ वर्षांहून जुनी तबकडी निर्धास्त वाजव. 'कट्यार काळजात घुसली' मात्र 1967चं आणि त्याला चाली देणारे अभिषेकीबुवा गेले 1998 साली. त्या चालींवरचा हक्क 2058 संपेपर्यंत आहे. ऐकायला दोन्ही जुनीच वाटतात, म्हणूनच गल्लत होते.

वेबसाइटशी जे ठरेल ते ईमेलवर घे. प्रत्येक पदाखाली संग्राहकाचं नाव, मध्ये कुठलीही उद्घोषणा नाही, संग्राहकानं सांगितलं तर दोन दिवसांत पद काढणार. आणि सभासदांचे फोन नंबर कुणालाही द्यायचे नाहीत. हे मागितलंच जातं, 'कार्यक्रम कळवायला' म्हणून. तुमच्या ग्रुपात सत्तरीतली कितीतरी माणसं आहेत, त्यांना कसले कसले फोन येतात हे तुला माहीत आहे.

मोठ्यांकडे बघताना लहान ग्रुप विसरू नकोस. गोव्यातल्या त्या साठ जणांच्या ग्रुपशी तुमचं जमेल असं मला मनापासून वाटतं. एका शनिवारी त्यांनी ऐकवावं, एका शनिवारी तुम्ही. त्यांच्याकडे ज्या पदाची एक बाजू आहे, त्याची दुसरी तुमच्या कुणाकडे तरी निघेल. हे नवीन नाही. मुंबईत 1990 साली रेकॉर्ड संग्राहकांची सोसायटी उभी राहिली तेव्हा हातात इंटरनेट कुठे होतं? त्याच्याही आधी झुमरी तलैयासारख्या गावांतले श्रोते संघ काढून रेडिओला पोस्टकार्डांवर फर्माइशी पाठवायचे, खाली सगळ्यांची नावं.

भांडणांची फार धास्ती घेऊ नकोस. सभासदानं काही वावगं टाकलं म्हणून केवळ ॲडमिन आहे या कारणानं ॲडमिनला दोषी धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 2021 साली म्हटलंय. तरी वावगं दिसलं की त्याच दिवशी काढ, आणि ज्यानं टाकलं त्याला खासगीत सांग.

त्या तीन दिवसांचं मनावर घेऊ नकोस. महिना लागेल असं कळव. थांबायची तयारी नसेल त्यांची, तर पुढेही ते तुमच्यासाठी थांबणार नाहीत.

रविवारी घरी ये. सांगलीचे काका गेल्या वर्षी गेले, त्यांच्या तबकड्यांची पेटी मुलानं माझ्याकडे आणून ठेवली आहे. ग्रुपवर ऐकवायला त्याची परवानगी मी घेतली आहे. नाव काकांचंच लावायचं. येताना वही आण.

तुझी,
काकू